जुंपून घेतलेलं कार्ड

आमच्या घरात भर कामात अडून बसणारे आजवर दोघेच झाले. एक सासऱ्यांनी बाजारातून आणलेला तांबडा बैल आणि दुसरा माझ्या सुनेचा कॉम्प्युटर. बैलाची गोष्ट पुढं सांगते, कारण तिच्याशिवाय कॉम्प्युटरची गोष्ट पुरी होत नाही. पण आधी कॉम्प्युटर.

माझी सून कारखान्यासाठी चित्रं काढते. चित्रं म्हणजे भिंतीवर लावायची नव्हेत. गाडीचे पत्रे जोडताना ते हलू नयेत म्हणून त्यांना घट्ट धरून ठेवणारा एक लोखंडी सांगाडा असतो, त्याला फिक्स्चर म्हणतात. तो लोखंडात घडायच्या आधी ती कॉम्प्युटरवर घडवते. एकेक बोल्ट, एकेक वॉशर. मग आपण घासलेलं पातेलं हातात फिरवून बघतो ना, कुठं राख राहिली का, तसा तो सगळा सांगाडा ती पडद्यावर फिरवून बघते. खालून, वरून, आतून. मी भाजी निवडायला मुद्दाम तिच्या खोलीत जाऊन बसायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते मुलाची पुस्तकं त्याच्या मागनं वाचून आलं. त्या पुस्तकांत असलं काही नव्हतं.

तिची कंपनी तळेगावच्या पुढं. आम्ही पवनानगरला. तिथवर जायचं म्हणजे आधी जीपनं कामशेत (ती जीप माझा मुलगाच चालवतो), तिथनं लोकल, मग कंपनीची बस. सकाळी अंधारात निघालेली बाई दिवेलागणीनंतर घरी. नात नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. म्हणून बाळंतपणाची रजा संपल्यावर साहेबांनी तिला घरून काम करायला दिलं. दोन-तीन महिने बरं चाललं. मग एक भलंमोठं फिक्स्चर आलं, सहाशे-सातशे तुकड्यांचं, आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. सांगाडा जरा फिरवायला जावं की पडद्यावर एक निळं कडं गोल गोल फिरायला लागायचं, आणि सून हनुवटीला हात लावून त्या कड्याकडं बघत बसायची.

साहेब तसा भला माणूस. त्यानं सरळ सांगितलं, सोमवारी अकरा वाजता गिऱ्हाइकाबरोबर व्हिडिओवर बैठक आहे, त्यात सगळं फिक्स्चर फिरवून दाखव. दाखवलंस तर घरून काम चालू ठेवू. नाही जमलं तर एक तारखेपासून कंपनीत ये, इथली मशिनं चांगली आहेत.

हा फोन मंगळवारी आला. बुधवारी सकाळी बघते तर सून नातीला वाटी-चमच्यानं दूध पाजायचा सराव करत होती. नात चमचा तोंडात धरायची, खुदकन हसायची आणि सगळं दूध गळ्यावर सोडून द्यायची. सून काही हसत नव्हती.

मी तिच्याजवळ बसले. कॉम्प्युटरकडं बोट दाखवून विचारलं, “काय पायजे त्याला?”

“ग्राफिक्स कार्ड, आई.”

“म्हंजी?”

“आत प्रोसेसर असतो, तो सगळा हिशेब करतो. पडद्यावर चित्र काढायचं काम वेगळं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये तेही त्यालाच करावं लागतं. कार्ड बसवलं की चित्र काढायला वेगळा माणूस मिळतो.”

“म्हंजी शंभर पानांची पंगत, आन जी सयपाकाला बसलीय तिलाच वाढायला लावलंय.”

“अगदी तसंच.”

“मग वाढपी आण की एक.”

“महाग असतात हो हे वाढपी.”

नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी बारा हजार बाजूला काढले होते, तेवढ्यात बसायला हवं. ड्रॉइंगच्या कामासाठीच बनवलेली वेगळी कार्डं मिळतात, पण नवं घ्यायचं तर तेवढ्या पैशात नुसतं खोकं येईल, असं ती म्हणाली. खेळासाठीची कार्डं स्वस्त पडतात, ती तिच्या सॉफ्टवेअरला मानवतील की नाही, सांगता येत नाही.

एवढ्यात आमचा पुतण्या आला. हा माझ्या दिराचा मुलगा, धरणाच्या काठाला तंबू लावतो. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येऊन झोपतात त्याच्या तंबूत. झोपतात म्हणजे काय, त्या तंबूंना त्यानं इतके रंगीत दिवे लावलेत की समोरच्या काठावरून बघितलं तर वरात थांबल्यासारखी वाटते. ज्याला दिवा नाही ती वस्तू त्याला वस्तूच वाटत नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असलं की हा कॉम्प्युटरवर बंदुकांचे खेळ खेळतो, म्हणून घरात कॉम्प्युटरचा डॉक्टर तोच.

“वैनी, टेन्शन घेऊ नका. माझा दोस्त त्याचं कार्ड विकतोय. आठ जीबी, तीन पंखे. आन लाइटिंग बघा, सोळा रंग मारतंय!”

“रंग कशाला?” मी म्हणाले.

“काकू, दिसाय नको का?”

“ते बसणार पेटीच्या आत. तितं कोण बघाय जातंय?”

“पेटीला काच बसवायची.”

“आन काचेला पडदा शिवते मी. झोपताना डोळ्यावर येईल त्याच्या.”

सून इतकी कावली होती की ती त्याला हो म्हणायच्या बेतात होती. तेव्हा मला तांबडा बैल आठवला.

झालं होतं असं. माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. सासऱ्यांनी बाजारात एक तांबडा बैल बघितला. काय त्याची शिंगं, काय तो उभा राहायचा! सासरे भाळले आणि दावं धरून घरी घेऊन आले. चिखलणीच्या दिवशी खाचरात जुंपला तर दोन फेऱ्या मारून तो चिखलात बसला. पार बसला. शेजारपाजारची आठ माणसं लागली उठवायला. तेव्हापासून आमच्या घरचा कायदा झाला, आपल्या खाचरात, आपल्या चिखलात जुंपून बघितल्याशिवाय बैल घ्यायचा नाही. शिंगं कशीही असोत.

“कॉम्प्युटर संगं न्यायचा,” मी जाहीर केलं. “त्यात तुजं ते फिक्स्चर. दुकानात कार्ड जुंपायचं, फिरवून बघायचं, मग घ्यायचं.”

“आई, असं कोणी करत नाही.”

“आपण करतो.”

शुक्रवारी निघालो. कॉम्प्युटरची पेटी गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतली. नातीला शेजारणीकडं ठेवलं होतं, वाटीत दूध काढून, चमच्यानं चार घोट गेले तर गेले म्हणून. पुतण्या त्याच्या दोस्ताचं कार्ड छातीशी धरून बसलेला. जीपमधल्या एका आजोबांनी गोधडीकडं बघून हळू आवाजात विचारलं, “कुणाला न्येताय, मावशी? दवाखान्यात का?”

“कॉम्प्युटर हाय, आबा. धाप लागती त्याला.”

“आसं व्हय,” म्हणाले, आणि सरकून जागा दिली.

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांच्या मागच्या बोळात एक दुकानदार आहे. हॉटेलांचे बिलाचे कॉम्प्युटर, कॅमेरे दुरुस्त करतो, आणि ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर विकत घेऊन त्यातले चांगले भाग विकतो. आम्ही पोचलो तेव्हा तो नमाजाला गेला होता. पायरीवर बसलो. बोळात गुळाच्या पाकाचा वास भरलेला, पुतण्यानं तेवढ्यात पाव किलो शेंगदाण्याची चिक्की आणून निम्मी संपवलीसुद्धा.

दुकानदार आला, पन्नाशीचा, शांत माणूस. मी काय म्हणते ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मावशी, घेऊन जा, चाललं नाही तर परत आणा. दुकानात बसून ट्रायल कोण घेतं?”

“आमी बैलसुद्धा ट्रायलबिगर घेत न्हाई.”

“हा बैल नाही, मावशी.”

“म्हणून तर जास्ती बघायचं. बैल निदान शेण तरी देतो.”

तो हसला आणि त्यानं गोधडी सोडली. माणूस कामाचा होता हे मला लगेच कळलं, कारण त्यानं विकायच्या आधी विचारलं. कुठलं सॉफ्टवेअर, मेमरी किती, विजेचा डबा किती ताकदीचा. म्हणाला, मेमरी कमी असेल तर आधी ती वाढवा, कार्डावर पैसे घालवू नका. मेमरी पुरेशी निघाली. विजेचा डबा मात्र लहान, त्यावर मोठं कार्ड ओढायचं नाही म्हणाला.

तरी पुतण्याच्या समाधानासाठी आधी त्याचं कार्ड. ते आत जाईचना. चांगलं दोन बोटं लांब, पुढं जाऊन पत्र्याच्या कप्प्याला आपटायचं.

“पत्रा कापू,” पुतण्या म्हणाला.

तेव्हा सून पहिल्यांदा हसली. हसत हसत कपाळाला हात लावला. “आई, मी मायक्रॉनच्या मापात काम करते. केसाच्या जाडीचा फरक पकडते. आणि या पेटीचं माप घ्यायचं मला सुचलं नाही!”

मग दुकानदारानं कपाटातून एक कार्ड काढलं. तळहाताएवढं, काळं, एकच पंखा, दिवा म्हणून नाही. कुठल्याशा डिझाइनच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर त्यानं उचलले होते, त्यातलं. सून म्हणाली होती तसं ड्रॉइंगच्या कामासाठीच बनवलेलं, फक्त चार-पाच वर्षं वापरलेलं. त्याला वेगळी विजेची वायरही लागत नव्हती. पुतण्यानं ते बघून असं तोंड केलं की जणू नवरदेवाऐवजी करवला आलाय.

बसवलं. सुनेनं फिक्स्चर उघडलं, माउसवर हात ठेवला आणि सांगाडा फिरला. अडखळला नाही. तिनं उलटा केला, आत शिरली, एकेक बोल्ट जवळून बघितला, परत बाहेर आली. वीस मिनिटं ती फिरवत होती आणि मी तिच्याकडं बघत होते. पडद्याकडं बघायची मला गरजच वाटली नाही.

“बसला न्हाई चिखलात,” मी म्हणाले.

कार्ड बारा हजारांच्या आत बसलं. दुकानदारानं ते परत काढून वेगळ्या पिशवीत दिलं. म्हणाला, पवनानगरच्या रस्त्यावरनं बसवलेलं कार्ड मी पाठवत नाही, खड्ड्यात कार्डाची खाच तुटेल, घरी जाऊन बसवा.

आता खरी गोष्ट. आणि ही माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

शनिवारी सकाळी सून नातीला न्हाऊ घालत होती. कार्ड टेबलावर पिशवीत. घरात नवी वस्तू आली, कामाची, लक्ष्मी आणणारी, आणि ती तशीच पेटीत कोंबायची? जीप आली तेव्हा पूजा केली, मिक्सर आला तेव्हा केली, मुलाच्या मोबाइललासुद्धा मी कुंकू लावलंय. मी कार्ड देव्हाऱ्यापुढं पाटावर ठेवलं. कडेच्या लोखंडी पट्टीला कुंकवाचं बोट लावलं. उदबत्ती ओवाळली. आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता चिमूटभर वाहिल्या. हात जोडून म्हणाले, बाबा, हिला घरी राहू दे. मग वरच्या अक्षता झटकल्या आणि कार्ड पिशवीत ठेवून दिलं.

सुनेनं बसवताना पट्टीवरचं कुंकू बघितलं आणि गालात हसली. कॉम्प्युटर सुरू झाला, फिक्स्चर फिरलं. मी शिरा करायला घेतला. रवा भाजून होतोय तोवर आतून हाक आली, “आई!”

पडदा काळा.

परत सुरू केला, दहा मिनिटं चालला, परत काळा. तिनं पेटी उघडली आणि बोट दाखवलं. “पंखा जाम झालाय. फिरतच नाही. कार्ड तापतं आणि बंद पडतं.”

पुतण्याला फोन गेला, तो आला आणि आल्या आल्या दुकानदारावर घसरला. “फसवलं त्यानं! जुना माल गळ्यात मारला. उद्या जातो आन वाजवतो त्याची.”

मी शिरा ढवळत राहिले. कळलं होतं मला, तरी बोलले नाही. मनाला समजावत होते की मी तर झटकल्या होत्या. दुपारी सुनेनं कपाटातून कंपनीची बॅग काढून झटकली, गळ्यात घालायचं ओळखपत्र शोधून बॅगेत ठेवलं आणि वाटी-चमचा घेऊन नातीपुढं बसली. शिऱ्याला कोणी हात लावला नाही.

रविवारी लोणावळ्यात गाड्यांची ही रांग लागते, म्हणून नातीला परत शेजारणीकडं ठेवून कामशेतहून लोकलनं गेलो. पुतण्या वाटेत भांडणाची तयारी करत होता, मी खिडकीबाहेर बघत होते.

“भाई, ह्यो माल दिला तुमी आमाला?” दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं सुरू केलं. “एका बाईच्या नोकरीचा प्रश्न हाय!”

दुकानदारानं कार्ड हातात घेतलं. “शुक्रवारी इथं वीस मिनिटं पंखा फिरत होता. तुम्ही होता ना?”

“मग आता का फिरंना?”

“बघतो. पण बदलून द्यायला माझ्याकडं असं दुसरं नाही, हे आधीच सांगतो.”

सुनेनं स्टुलावर बसून घेतलं. दुकानात दोघं-तिघं उभे होते, तेही दुकानदाराकडं संशयानं बघायला लागले. तो बिचारा चष्मा पुसत होता. आता माझ्यानं राहवेना.

“त्याला बोलू नगंस,” मी पुतण्याला म्हणाले. “भाऊ, पंख्यात तांदूळ बघा.”

“काय बघू?”

“तांदूळ. अक्षता. म्या पूजा केली.”

पुतण्याचं तोंड उघडं ते उघडंच. सुनेकडं बघायचं धाडस मला झालं नाही. दुकानदारानं बारक्या स्क्रूड्रायव्हरनं चार स्क्रू सोडले, पंखा उचलला आणि काचेवर टक टक करून तीन लाल दाणे पडले. एक पात्याला चिकटून बसला होता, तो त्यानं चिमट्यानं काढला आणि उजेडात धरला.

“इंद्रायणी?”

“व्हय. घरचा.”

“किती वाहिल्या होत्या, मावशी? सगळे निघायला पाहिजेत.”

“चिमूटभर.”

“चिमूट म्हणजे किती?”

“आईंची चिमूट म्हणजे आमटीत मीठ टाकतात तेवढी,” मागून सून म्हणाली. आवाजावरून काही कळेना.

मग कार्ड तिरकं केलं, उलटं केलं, फुंकणीनं वारा मारला. एकंदर सात दाणे निघाले. पंखा जोडला, वीज दिली, आणि तो भुर्र करून फिरला. ते उभे असलेले दोघं-तिघं “फिरला, फिरला” म्हणाले, त्यांचं काय अडलं होतं देव जाणे. दुकानदारानं सातही दाणे कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिले. “पूजेचे आहेत. तुळशीत टाका.” पैसे घेतले नाहीत. पुतण्यानं मान खाली घालून त्याला राहिलेली चिक्की दिली.

परत येताना मळवली आली तशी सून म्हणाली, “आमच्या कंपनीत पण नव्या मशीनची पूजा करतात, आई.”

“व्हय?”

“हो. पण नारळ बाहेर फोडतात. मशीनच्या आत नाही.”

आणि दोघी अशा हसलो की समोरची बाई जागा बदलून बसली.

सोमवारी साडेदहालाच पुतण्या तंबूवरची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन हजर. बैठकीत वीज गेली तर म्हणून. त्यालाही त्यानं दिव्याची माळ गुंडाळलेली होती, ती मी सोडून ठेवली. अकराला सुनेनं दार लावलं. मी नातीला घेऊन ओट्यावर बसले. दहा मिनिटं झाली. शनिवारी इथंच पडदा काळा झाला होता. वीस झाली. आतून तिचा आवाज येत होता, निम्मा इंग्रजीत, न थांबता. तीस झाली तशी नात भुकेनं किरकिरायला लागली. वाटी-चमचा पुढं केला, तर तिनं चमचा घेतला आणि ओट्याखाली कोंबडीवर टाकला.

पावणेबाराला दार उघडलं.

“गिऱ्हाइकानं खालचा क्लॅम्प चार वेळा फिरवायला लावला,” सून म्हणाली. “चारी वेळा फिरला. साहेब म्हणाले, पुढचं फिक्स्चर उद्या पाठवतो. इथंच.”

तिनं नातीला माझ्याकडनं घेतलं, ओट्यावर भिंतीला टेकून बसली, पदर घेतला. नात एकदम गप्प. मी खाली जाऊन चमचा उचलून आणला, धुतला आणि फडताळात पार मागं ठेवून दिला. परत आले तर सून डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, डुलकी लागली.

“आई,” ती डोळे न उघडता म्हणाली, “एक खरं सांगा. हळद पण वाहिली होती का?”

मी तुळशीकडं बघितलं. “थोडीशी.”